अंग धरलं

मराठीत माणूस बारीक झाला की त्याची 'तब्येत उतरते' आणि जाड झाला की 'तब्येत सुधारते'. तब्येत म्हणजे खरं तर प्रकृती, पण बोलताना आपण तिचा अर्थ सरळ वजन असाच घेतो. आजारातून उठलेल्याने 'अंग धरलं' म्हणजे तो बरा झाला. 'खंगला', 'वाळला', 'नुसती हाडं राहिली' या सगळ्या वाईट बातम्या. हे शब्द रुळले त्या काळात त्यात चूक काहीच नव्हती. टीबीला आपण क्षय म्हणतो, म्हणजे झिजणं. दुष्काळ, हगवण आणि क्षय यांनी माणसं मरत होती तेव्हा हाडांवर मांस दिसणं हीच जिवंत राहण्याची खूण होती.

अडचण अशी की मनोविकारांच्या औषधांचा इतिहास बराच काळ याच शब्दकोशावर चालला. गोळ्या सुरू झाल्यावर पेशंट फुगत जातो हे डॉक्टरांना १९५०च्या दशकातच दिसलं होतं. दिसलेल्या गोष्टीला अपाय म्हणायला पुढची जवळपास चाळीस वर्षं गेली. आणि ते वजन वाढूच नये म्हणून काय करायचं, याचा धड विचार तर माझ्या पिढीच्या जन्मानंतर सुरू झाला.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. माझी आत्या गेली काही वर्षं आमच्याकडे हाटकेशमध्ये राहते आणि रोज रात्री ओलान्झापिनची गोळी घेते. त्या गोळीबद्दल वाचायला लागलो ते तिच्यामुळे, आणि मग मागे मागे जात राहिलो.

हाटकेशहून घोडबंदर रोडने ठाण्याला जायला तासभर लागतो, कंटेनर आडवा झाला असेल तर दोन. तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. आमच्या भागातल्या लोकांसाठी 'ठाण्याला पाठवा याला' या वाक्याचा एकच अर्थ होता आणि अजूनही आहे. अशी इस्पितळं इंग्रजांनी देशभर बांधली. १८५८ आणि १९१२च्या कायद्यांनी त्यांचा कारभार चाले. तिथे येणारी माणसं बहुधा रस्त्यावरून उचललेली, अर्धपोटी, आजारी असत. आत औषध असं काही नव्हतंच. भिंत, काम आणि जेवण एवढाच उपचार. जगभरच्या अशा संस्थांत वजन वाढणं हे पेशंट सुधारत असल्याचं लक्षण धरलं जाई, कारण मोजता येण्यासारखं दुसरं होतं काय? भास किती कमी झाले हे काट्यावर दिसत नाही. किलो दिसतात.

श्रीमंतांच्या बाबतीतही तेच. अमेरिकेत सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने १८७०च्या दशकात 'नर्व्हस' बायकांसाठी विश्रांतीचा उपचार काढला. आठवडेच्या आठवडे पलंगावर पडून राहायचं आणि भरपूर दूध, लोणी, मटण खायचं. १८७७च्या त्याच्या पुस्तकाचं नावच 'चरबी आणि रक्त' अशा अर्थाचं होतं. पुढे इन्सुलिन हाती आल्यावर १९२०च्या दशकात काही मनोरुग्णालयांत ते थोड्या मात्रेत द्यायला लागले. साखरेसाठी नव्हे, न खाणाऱ्या पेशंटला भूक लागावी म्हणून. १९३३च्या सुमारास व्हिएन्नात मानफ्रेड साकेलने हीच मात्रा इतकी वाढवली की पेशंट बेशुद्ध पडायचा, आणि त्यालाच स्किझोफ्रेनियाचा उपचार म्हणून जगभर मान्यता मिळाली. गणितज्ञ जॉन नॅश यांनाही १९६१ मध्ये हा उपचार झाला होता. या पेशंटांची वजनं भराभर वाढत. डॉक्टरांना त्यात वावगं वाटत नसे.

मग आल्या गोळ्या. फ्रान्समधल्या रोन-पुलांक कंपनीत पॉल शार्पांतिए यांनी डिसेंबर १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन बनवलं. ते शोधत होते वेगळंच: ॲलर्जीवरच्या औषधांच्या घराण्यातलं काहीतरी नवीन. नौदलातले सर्जन आंरी लाबोरी यांना ऑपरेशनच्या वेळी पेशंटला शांत ठेवणारं औषध हवं होतं. या रसायनाने पेशंट झोपत नाही पण त्याला कशाचं काही वाटेनासं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात झां दले आणि पिएर दनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि वॉर्डातला आरडाओरडा थांबला. ॲलर्जीचं घराणं ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

याच काळात एक दुसरं औषध आपल्याकडून गेलं. सर्पगंधेची मुळी वेडावर आणि निद्रानाशावर आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जल वकील यांनी ती रक्तदाबाच्या पेशंटांना देऊन १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. तिच्यातून वेगळं काढलेलं रेसर्पिन नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात वापरलं. १९५७चं लास्कर पारितोषिक वकील, क्लाइन, लाबोरी, दनिकर आणि आणखी दोघांना वाटून मिळालं. परळमधून एवढं घडलं, हे मला आत्याच्या गोळीचं मूळ शोधताना कळलं. शाळेच्या कुठल्या पुस्तकात ते कधी दिसलं नव्हतं.

वजनाच्या दृष्टीने त्याहून बोलकी गोष्ट आहे ती इप्रोनियाझिडची. हे औषध क्षयाचं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात ते दिल्यावर खंगलेले पेशंट उठून बसले, ताटं चाटूनपुसून खाऊ लागले, व्हरांड्यात नाचू लागले. वृत्तपत्रांत तसे फोटो आले. त्यातूनच पुढे ते नैराश्यावरचं पहिलं औषध ठरलं. म्हणजे आधुनिक नैराश्यविरोधी औषधांची जन्मकथाच 'अंग धरलं' अशी आहे. क्षयाच्या वॉर्डातून आलेल्या औषधाबद्दल 'फार भूक लागते' अशी तक्रार कोण करणार?

तरी नोंदी होत होत्या. १९५९ मध्ये क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांच्या वजनावर अमेरिकेत निबंध आला. १९६४ मध्ये डेन्मार्कच्या आमडिसेन यांनी तर शीर्षकातच 'औषधामुळे आलेला लठ्ठपणा' असं म्हटलं. डेन्मार्कमध्येच १९७६ मध्ये लिथियमचा अभ्यास झाला. लिथियमने प्रचंड तहान लागते. ती तहान लोक गोड पेयांनी भागवतात आणि वजन वाढतं, असं त्यात दिसलं. इतकी साधी, इतकी उपयोगी गोष्ट. लिथियम सुरू करताना 'तहान लागली की पाणीच प्या' एवढं सांगितलं तरी काही किलो वाचतील. पण हे सगळं जर्नलांच्या मागच्या पानांवर राहिलं. पुढच्या पानांवर हात थरथरणं, जबडा वाकडा होणं, चेहरा दगडासारखा होणं हे दुष्परिणाम होते. ते पाहणाऱ्याला खटकत. जाड झालेला शांत पेशंट कोणालाच खटकत नव्हता. नातेवाइकांना तर तो सुधारलेलाच वाटे.

भूक नेमकी वाढते कशी, हे कळायला २१वं शतक उजाडलं. इथे ते ॲलर्जीचं घराणं परत येतं. ॲलर्जीच्या गोळीने झोप येते, कारण ती मेंदूतल्या हिस्टामिनच्या एच-१ नावाच्या ग्राहकाला बंद करते. पण त्याच हिस्टामिनचं दुसरं काम आहे भुकेला लगाम घालण्याचं. आपल्याकडे लहान मुलं जेवत नाहीत म्हणून एक 'भुकेचं टॉनिक' सर्रास पाजलं जातं. त्यातलं सायप्रोहेप्टाडिन हे मुळात ॲलर्जीचंच औषध. तुमच्यापैकी निम्म्या जणांनी ते गुलाबी, गोड सिरप प्यायलं असेल. २००३ मध्ये संशोधकांनी अँटिसायकोटिक औषधं ओळीने लावून पाहिली; जे औषध एच-१ला जितकं घट्ट चिकटतं, तितकं ते वजन वाढवतं असं निघालं. २००७ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूत हीच साखळी दाखवली. ज्या उंदरांत एच-१ नव्हताच, त्यांच्या मेंदूवर औषधाचा तो परिणाम झाला नाही.

माझ्या भाषेत सांगायचं तर पोट 'भरलं' असा मेसेज पाठवतं, पण मेंदूतलं कोणी तो उचलतच नाही. चार पोळ्या झाल्यावरही आत पहिल्या पोळीच्या वेळची भूक असते. यात लोभ नाही, आळस नाही, 'मनावर ताबा नाही' हे तर मुळीच नाही. ताबा ठेवणाऱ्या तारेवरच औषध बसलेलं आहे. हे एवढ्यासाठी सांगतो की घरोघरी या माणसांना जेवणाच्या ताटावरून जे ऐकावं लागतं ते फार वाईट असतं. आजाराबद्दल बोलायला लाजणारे लोक खाण्याबद्दल बोलायला अजिबात लाजत नाहीत.

१९९०च्या दशकात नवी पिढी आली. तिचा पूर्वज क्लोझापिन. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्याने पांढऱ्या पेशी संपून पेशंट दगावले, म्हणून ते मागे पडलं होतं. १९८८च्या अमेरिकन चाचणीत, बाकी कशालाच दाद न देणाऱ्या पेशंटांना ते लागू पडलं आणि ते परत आलं. मग रिस्पेरिडोन, १९९६ मध्ये ओलान्झापिन, १९९७ मध्ये क्वेटियापिन. हात थरथरत नाहीत, चेहरा दगड होत नाही, म्हणून जाहिरात जोरात झाली. आपल्याकडे तेव्हा औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवण्याच्या कृतीला मिळायचं, त्यामुळे देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या लवकर बाजारात आल्या. भारतातल्या लाखो घरांना या औषधांनी माणसं परत मिळवून दिली. हे मी मनापासून म्हणतो; आत्या परत आली ती यातल्याच एका गोळीने.

किंमत कळली १९९९ मध्ये. डेव्हिड ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या आसपास अभ्यास एकत्र करून दहा आठवड्यांत सरासरी किती वजन वाढतं ते काढलं: क्लोझापिन ४.४५ किलो, ओलान्झापिन ४.१५, रिस्पेरिडोन २.१०, झिप्रासिडोन जवळपास शून्य. एकाच आजारावरच्या औषधांत इतका फरक! मागोमाग साखरेच्या बातम्या आल्या. जपान सरकारने एप्रिल २००२ मध्ये ओलान्झापिनबद्दल तातडीचा इशारा काढून मधुमेह्यांना ते देण्यावर बंदी घातली. अमेरिकेच्या एफडीएने २००३ मध्ये या सगळ्या वर्गाला मधुमेहाचा इशारा चिकटवला. ओलान्झापिनची मूळ कंपनी एली लिली. १९२३ मध्ये इन्सुलिन पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बाजारात आणणारीही तीच. २००६च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तिची अंतर्गत कागदपत्रं छापली. वजन आणि साखरेची जोखीम डॉक्टरांसमोर कमी करून मांडली गेली, असा त्या बातम्यांचा रोख होता. कंपनीने तो नाकारला. २००९ मध्ये मान्यता नसलेल्या वापरासाठी औषध खपवल्याच्या प्रकरणात तिने गुन्हा कबूल केला आणि एकंदर १.४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम भरली.

आता पुण्याकडे वळू, कारण ४ किलो म्हणजे किती, हे अंग कोणाचं यावर ठरतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हडकुळी, हे तर दिसतच होतं. पण कातडीखालची चरबी मोजल्यावर कळलं की कमी आहेत ती हाडं आणि स्नायू. चरबी त्या मानाने शाबूत आहे. बाहेरून बारीक, आतून जाड. मोठेपणीही हीच ठेवण राहते. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये याज्ञिकांनी आणि लंडनचे त्यांचे मित्र जॉन युडकिन यांनी दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! एका पानाचा तो लेख आहे, आणि मला तो संशोधनातला सगळ्यात देखणा विनोद वाटतो. बिचारा बीएमआय दोघांनाही सारखाच सलाम ठोकतो.

म्हणूनच २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी आपल्यासाठी वेगळ्या रेषा आखल्या. बीएमआय २३च्या पुढे वजन जास्त, २५च्या पुढे लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर झाला की सावध व्हायचं. अमेरिकेत पुरुषाच्या कंबरेसाठी १०२ धरतात. आता यात ओलान्झापिन घाला. मुळात स्नायू कमी, चरबी पोटाभोवती, घरात साखर आधीच कोणाला ना कोणाला. अमेरिकन पेशंटचे ४ किलो आणि मीरा-भाईंदरमधल्या पेशंटचे ४ किलो काट्यावर सारखे दिसतात, स्वादुपिंडाला ते सारखे नसतात. आणि आपल्या डोळ्यांना तर ते दिसतही नाहीत, कारण ५२चा ५६ झालेला माणूस आपल्याला 'आता कुठे माणसात आला' असाच वाटतो.

आत्याचं वजन गोळी सुरू झाली तेव्हा बरोबर ५२ होतं. हे कळलं निव्वळ योगायोगाने. ती हाटकेशच्या उद्योगनगरात एका गाळ्यात पॅकिंगचं काम करायची. तिथे पार्सलचा काटा असतो, आणि दुपारी डबा खाल्ल्यावर बायका एकेक करून त्यावर उभ्या राहून हसायच्या. तिने कॅलेंडरवर आकडा लिहिला होता. दहा आठवड्यांनी त्याच काट्यावर ५८. तोपर्यंत ती जिथे दाखवत होती तिथले सगळे कागद मी काढून पाहिले. पाच भेटी, पाच चिठ्ठ्या, झोप कशी, भास किती, गोळीची मात्रा, सगळं नीट लिहिलेलं. वजन एकाही चिठ्ठीवर नाही. काटाच नव्हता. ती चांगली झोपत होती, हसत होती, आवाज थांबले होते. शेजारपाजारी म्हणत होते तब्येत सुधारली. तिला स्वतःला जिने चढताना धाप लागत होती, आणि एक दिवस ती शांतपणे म्हणाली की मला ही गोळी बंद करायची आहे.

इथे खरा धोका आहे. वजन वाढलं म्हणून गोळी सोडणारी माणसं खूप असतात, आणि गोळी अचानक सुटली की आजार परततो. १,४०० हून अधिक पेशंटांवर झालेल्या आणि २००५ मध्ये छापलेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत दीड वर्षात ७४ टक्के लोकांनी सुरुवातीला दिलेलं औषध या ना त्या कारणाने सोडलं. ओलान्झापिनवर सगळ्यात जास्त टिकले, पण वजन वाढल्यामुळे किंवा साखर-चरबी बिघडल्यामुळे सोडणारेही त्यातच सगळ्यात जास्त होते. दुसऱ्या बाजूला, गोळी चालू ठेवून वजनाकडे पाहिलंच नाही, तर हृदयविकार आणि मधुमेह. गंभीर मनोविकार असलेली माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि त्यातला मोठा वाटा आत्महत्येचा नाही, शरीराच्या आजारांचा आहे.

प्रतिबंधाचं पहिलं ठोस वेळापत्रक २००४ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेहाच्या आणि मनोविकाराच्या डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून काढलं. पहिली गोळी घेण्याआधी वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, चरबी. मग चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात वजन. बाराव्याला बाकी तपासण्या पुन्हा. सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के वाढ झाली की औषध बदलायचा विचार. आत्यासाठी ५ टक्के म्हणजे २.६ किलो. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरातल्या अभ्यासाने हे आणखी घट्ट केलं: पहिल्याच महिन्यात ५ टक्के वाढलेल्यांचं वजन पुढेही बरंच वाढणार, हे तेव्हाच सांगता येतं. ग्राफची सुरुवातीची चढण पाहायची. तिसऱ्या वर्षी पाहून उपयोग कमी. वाढलेलं उतरवणं फार अवघड असतं. २०१३ मध्ये मेरीलँडमध्ये २९१ पेशंटांवर १८ महिने मेहनत घेतली, गोड पेयं कमी, ताट लहान, आठवड्यातून तीनदा सगळ्यांनी मिळून व्यायाम. इतर पेशंटांपेक्षा सरासरी ३.२ किलो जास्त उतरले. यश आहेच, आणि ते मिळवायला किती लागतं तेही आहे.

उलट सुरुवातीलाच धरलं तर काय होतं, ते सिडनीच्या बाँडाय भागातल्या एका प्रयोगात दिसलं. नुकतीच गोळी सुरू झालेली, १४ ते २५ वयाची मुलं. पहिल्या दिवसापासून त्यांच्यासोबत नर्स, आहारतज्ज्ञ, व्यायाम शिकवणारा, आणि स्वतः या आजारातून गेलेली तरुण मुलं. बारा आठवड्यांनी यांचं वजन सरासरी १.८ किलो वाढलं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं ७.८. प्रयोग अगदी छोटा होता, तिशीच्या आतबाहेर मुलं. पण फरक सहा किलोंचा होता.

आणि मेटफॉर्मिन. आपल्या आजीआजोबांच्या डब्यातली साखरेची गोळी, काही रुपयांत पत्ता मिळणारी. चीनच्या चांग्शा शहरात रेन-रोंग वू यांच्या गटाने १२८ पेशंटांचे चार गट केले, निबंध २००८चा. बारा आठवड्यांत नुसत्या आहार-व्यायामाने बीएमआय ०.५ने उतरला, नुसत्या मेटफॉर्मिनने १.२ने, दोन्ही मिळून १.८ने. ज्यांना दोन्ही नव्हतं त्यांचा १.२ने चढला. तरी वजन वाढण्याची वाट न पाहता, ओलान्झापिन किंवा क्लोझापिनसोबतच मेटफॉर्मिन सुरू करा, असं स्पष्ट सांगणाऱ्या मार्गदर्शक सूचना छापल्या गेल्या २०२४ मध्ये. मेटफॉर्मिन बाजारात आहे १९५०च्या दशकापासून. दोन्ही गोळ्या एकाच केमिस्टच्या एकाच कपाटात इतकी वर्षं शेजारी पडून होत्या.

मी आत्याचे सगळे आकडे एका शीटमध्ये टाकले, रेघ काढली आणि ती रेघ घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी काट्यावर उभं केलं, मग शिंप्याची असते तशी टेप काढून कंबर मोजली. ८४. साखर सीमेवर. त्यांनी ओलान्झापिन बंद केलं नाही. मात्रा हळूहळू थोडी कमी केली, मेटफॉर्मिन जोडलं. रात्रीच्या गोळीनंतर जी वखवख सुटते तिच्यासाठी जेवण गोळीच्या आधी नाही तर नंतर लगेच, आणि घरात फरसाण-बिस्किटांचे डबे तिच्या नजरेसमोर ठेवायचे नाहीत, असं सांगितलं. चहा दिवसातून पाच कप होता. कप तेवढेच ठेवून साखर काढली. साखर काढण्यावर आठ दिवस भांडण झालं. आज ती ५५वर आहे. ५२ला परत येईल असं मला वाटत नाही आणि डॉक्टरही तसं म्हणत नाहीत.

इतकं वाचून कोणाला वाटेल की वजन वाढवणारी औषधं टाकूनच द्यावीत. तर फिनलंडच्या पेशंटांच्या नोंदींवरचा २००९चा लॅन्सेटमधला अभ्यास पाहा. हजारो पेशंट, अकरा वर्षं. सगळ्यात कमी मृत्यू कोणत्या औषधावर? क्लोझापिनवर. वजनाच्या यादीत पहिल्या नंबरावर असलेलं तेच. ते आत्महत्या कमी करतं, आजार ताब्यात ठेवतं, आणि त्यासाठी दर काही दिवसांनी रक्त तपासायला माणूस दवाखान्यात येतोच, म्हणजे त्याच्याकडे कोणीतरी पाहतं. औषध आणि वजन यांत एक निवडायचं, असा हा सौदा नाही. औषध ठेवून वजनाशी झगडायचं आहे, आणि त्याला लागणारी साधनं वाढताहेत: डेन्मार्कमध्ये २०१७ मध्ये लिराग्लुटाइडच्या इंजेक्शनने ओलान्झापिन-क्लोझापिनवरच्या पेशंटांचं वजन सोळा आठवड्यांत दुसऱ्या गटापेक्षा ५.३ किलोने कमी झालं. त्याच कुळातली, आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली आणि इन्स्टाग्रामवर लगेच गाजली. गाजली ती लग्नाआधी बारीक होणाऱ्यांत. ज्यांच्या मेंदूतली तार औषधाने तोडली आहे, त्यांचा उल्लेख त्या रील्समध्ये मला अजून सापडलेला नाही.

आपल्याकडे २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. २०१८च्या मे महिन्यात तो लागू झाला. त्याच्या २२व्या कलमाने पेशंटला उपचारांची आणि त्यांच्या माहीत असलेल्या दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि तीही त्याला समजेल अशा भाषेत. ओपीडीत एका पेशंटला मिळतात पाच-सात मिनिटं. 'या गोळीने भूक वाढेल. वजन वाढू शकतं. आज किती आहे ते लिहून ठेवा आणि दर आठवड्याला मोजा. वाढलं तर गोळी बंद करू नका, आकडा घेऊन या.' आत्याच्या दुसऱ्या डॉक्टरांनी हे एवढंच सांगितलं आणि चिठ्ठीच्या मागे लिहूनही दिलं. काटा आम्ही स्टेशनजवळच्या दुकानातून सातशे रुपयांना घेतला.